दोन सुगरणी, दोन खोपे

‘घर’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माणसांच्या घरांआधी मला सुगरणीचा खोपा आठवला. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांच्या मनात तो असतोच. बहिणाबाई चौधरींनी खानदेशच्या शिवारात पाहिलेला खोपा कवितेत आणला आणि पाठ्यपुस्तकांतून तो घरोघरी पोचला. पण या सुगरणीच्या जवळच्या नात्यातली आणखी एक सुगरण हिमालयाच्या पायथ्याशी राहते. अंगानं थोडी मोठी, रंगानं जास्त पिवळी. तिला फिनची सुगरण म्हणतात, आणि ती नाहीशी होण्याच्या वाटेवर आहे.

दोघी ‘प्लोसियस’ या एकाच वंशातल्या. या वंशाच्या चारच जाती भारतात आहेत. आपली सुगरण, रेषाळ सुगरण आणि काळ्या छातीची सुगरण या तीन जाती बऱ्यापैकी पसरलेल्या आहेत, चौथी फिनची. दोघीही गायक पक्ष्यांच्या मोठ्या गटात मोडतात, दोघी दाणे टिपतात, पिलांना किडे भरवतात, गवताच्या चिरफळ्या विणतात आणि वसाहत करून राहतात. तरीही एक पाकिस्तानपासून जावापर्यंत पसरली आहे आणि दुसरीला हिमालयाच्या पायथ्याची तराई आणि आसाम इथल्या काही तुकड्यांबाहेर ठाव नाही. एवढ्या सारख्या पक्ष्यांचं नशीब इतकं वेगळं का झालं, ते पाहायला मी पुरंदरच्या विहिरींपासून उत्तराखंडातल्या जलाशयांपर्यंत गेले. घराचा प्रश्न खोप्यात सुटत नाही, खोप्याभोवतीच्या जमिनीत सुटतो, हे या प्रवासात मला पटलं.

विहिरीवरची बाभूळ

पुरंदर तालुक्यातली ती विहीर जुन्या दगडी बांधकामाची. काठावरची बाभूळ पाण्यावर ओणवी झालेली, आणि तिच्या पाण्याकडच्या बारीक फांद्यांना खोपे लटकलेले. ऑगस्टमधली भुरभुर चालू होती. झाडावर नरांचा कल्लोळ उसळला होता. प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी टोपी, गालांवर गडद तपकिरी पट्टा. माद्या मात्र चिमणीसारख्या साध्या, मातकट. झाडावर मादी उतरली की सगळे नर एकदम पंख फडफडवून लांबलचक शीळ घालत. ती निघून गेली की पुन्हा कामाला लागत.

खोपा विणतो तो नर. शेजारच्या उसाच्या पानावर तो बसतो, पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, तिथली कड चोचीत धरतो आणि उडतो. त्याच्या उडण्यानंच पानाची लांब चिरफळी सुटून येते. ती वीस ते साठ सेंटिमीटर लांब असते. भाताचं पान, रानगवत, शिंदीची झावळी यांपैकी जे जवळ असेल ते चालतं. आधी फांदीच्या टोकाला पक्की गाठ, मग गाठीखाली एक कडं. कड्यात बसून तो पुढच्या बाजूला अंड्यांची खोली विणत जातो. विणीची लांबी-रुंदी त्याच्या चोचीच्या पोहोचेवर ठरते. त्याचं अंग हीच मोजपट्टी. एका खोप्यासाठी तो पाचशेपर्यंत खेपा घालतो.

साधारण आठ दिवसांत खोपा उलट्या टोपासारखा दिसू लागतो. इथे नर थांबतो. या अवस्थेत तो आतल्या भिंतीला ओल्या मातीचे गोळे लावतो. रात्री उजेडासाठी सुगरण त्या मातीत काजवे चिकटवते, ही गोष्ट लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेली असते. पक्षी-अभ्यासकांना मात्र तसा पुरावा मिळालेला नाही. थांबण्याचं कारण वेगळंच आहे. आता मादी येऊन पाहणी करणार असते. ती आत शिरते, धागे ओढून बघते आणि बहुतेक वेळा निघून जाते. पसंती मिळाली तरच नर खोली बंद करून खाली उतरणारी लांब नळी विणतो. पुरा खोपा व्हायला सुमारे अठरा दिवस लागतात. मादीनं अंडी घातली की तो शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. आतली गादी करणं, दोन ते चार पांढरी अंडी उबवणं, पिलांना भरवणं हा बहुतांश भार मादीवर पडतो.

मादी नेमकं काय पारखते? पक्षी-अभ्यासक सुहेल क्वादर यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. विणकामाच्या सफाईपेक्षा जागेला जास्त महत्त्व आहे, असं त्यांना दिसलं. खोपा उंचावर हवा, काटेरी झाडावर हवा, फांदी बारीक हवी. सापाला, मांजराला, घोरपडीला जिथे पोचता येणार नाही तिथलं घर ती निवडते. विहिरीवरची बाभूळ या सगळ्या अटी पुऱ्या करते. खाली पाणी, भोवती काटे आणि पाखराच्या वजनानंही वाकणारी फांदी.

ही बाभूळ ज्यांच्या बांधावर आहे त्या आजींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. सगळे खोपे झाडाच्या उगवतीच्या अंगाला होते. मावळतीकडून पाऊस झोडपतो म्हणून पाखरं या बाजूला घर करतात, असं त्या सहज म्हणाल्या. सलीम अली आणि व्ही. सी. आंबेडकर यांनी 1950 च्या दशकात हेच नोंदवून ठेवलं आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून आडोसा मिळावा म्हणून सुगरणीच्या वसाहती झाडांच्या पूर्वेकडे झुकलेल्या असतात.

किहीमपासून कुमाऊँपर्यंत

सुगरणीच्या अभ्यासाची गोष्ट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुरू होते. बर्लिनमध्ये पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून सलीम अली 1930 मध्ये मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी तासन्‌तास बसून तिचा हिशेब ठेवला : कोणता नर, कोणता खोपा, कोणती मादी. एक नर ओळीनं अनेक माद्यांशी घरोबा करतो, हे त्यांनी तिथे उलगडून दाखवलं. त्या निरीक्षणांवरचा लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या नियतकालिकात आला आणि अभ्यासक म्हणून त्यांचं नाव झालं. परदेशी विद्यापीठात शिकलेली पद्धत त्यांनी आपल्या परसातल्या पाखराला लावली. भारतातल्या पक्षी-वर्तनाच्या अभ्यासाचा हा पाया आहे.

त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आंबेडकरांनी हे काम पुढे नेलं. भारतीय सुगरणींच्या विणीवरचा त्यांचा प्रबंध मुंबई विद्यापीठानं 1964 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या सुगरणीवर थांबून न राहता ते फिनच्या सुगरणीमागे कुमाऊँच्या तराईत गेले आणि तिच्या विणीची शिस्तवार नोंद त्यांनी केली. या दुर्मीळ पक्ष्याबद्दल आज जे पक्कं माहीत आहे, त्यात या मराठी संशोधकाचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे त्यांचं नाव व्हावं तेवढं झालेलं नाही, म्हणून ते इथे मुद्दाम घेते.

फिनच्या सुगरणीचा शोध मात्र त्याहून जुना. नैनितालच्या डोंगराखाली कालाढुंगी नावाचं गाव आहे. जिम कॉर्बेट हिवाळ्यात तिथे राहत. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. त्या गावाजवळ मिळालेल्या नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1869 मध्ये या जातीचं वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेले ह्यूम ते हेच. त्यानंतर हा पक्षी जवळजवळ विसरला गेला. इतर सुगरणींशी त्याची गल्लत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले फ्रँक फिन यांच्यामुळे तो पुन्हा अभ्यासकांसमोर आला आणि त्यांचं नाव त्याला चिकटलं. पुढे सलीम अलींनी कुमाऊँच्या तराईत तो नव्यानं शोधून काढला. पूर्वेकडच्या तराईतले पक्षी थोडे वेगळे आहेत, हे ओळखून हुमायून अब्दुलालींनी 1960 मध्ये त्यांची उपजात ठरवली आणि तिला सलीम अलींचंच नाव दिलं.

पाणी जिथे पुन्हा वर येतं

हिमालय संपतो तिथे आधी भाबर लागतो. दगडगोट्यांचा हा पट्टा इतका सच्छिद्र आहे की डोंगरातून आलेले ओढे त्यात जिरून जातात. कालाढुंगी या पट्ट्यात येतं. आणखी दक्षिणेला जमीन बारीक गाळाची होते आणि जिरलेलं पाणी झऱ्यांनी, दलदलींनी पुन्हा वर येतं. हीच तराई. बारमाही ओल असल्यानं तिथे माणूसभर, कुठे हत्ती झाकेल एवढं गवत वाढायचं. मूंज, कांस, नरकुल, आणि पाण्याच्या कडेला पटेर, म्हणजे आपलं पाणकणीस. मधूनमधून सावर, शिसू आणि खैराची झाडं. पूर आला की नदी वाट बदलायची, जुना गवताळ पट्टा बुडायचा, नवा गाळ पडून त्यावर नवं गवत यायचं. फिनची सुगरण या हलत्या, ओल्या, उंच गवताच्या प्रदेशाची रहिवासी आहे.

या प्रदेशात शतकानुशतकं थारू आणि बुक्सा समाज राहिले. बाहेरचा माणूस हिवतापाच्या भीतीनं टिकत नसे. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. फाळणीत उखडलेल्या कुटुंबांना वसवायला जमीन हवी होती. डीडीटीच्या फवारणीनं हिवताप आटोक्यात आला. पश्चिम पंजाबातून आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी, निवृत्त सैनिकांनी गवत मोडून शेतं केली. 1960 मध्ये पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. भात, गहू, ऊस यांची कोठारं भरली. देशाच्या अन्नाच्या प्रश्नात या जमिनीनं मोठा वाटा उचलला, आणि ती कसणाऱ्यांनी आपलं सगळं गमावल्यावर इथे नवं घर बांधलं. त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. पण या उलाढालीत गवतासाठी जागा राखून ठेवण्याचा विचार कुणी केला नाही. सरकारी कागदावर गवताळ जमीन पडीक होती, आणि पडीक जमीन वापरात आणणं हा विकास होता.

रुद्रपूरहून गूलरभोजकडे जाताना हे सगळं रस्त्याच्या दुतर्फा दिसतं. आधी कारखान्यांच्या भिंती, मग सरळ रेषेत लावलेले पॉप्लर आणि निलगिरी, मग भातखाचरं. उंच गवत फक्त कालव्यांच्या कडेला आणि हरिपुरा, बौर यांसारख्या जलाशयांच्या काठी उरलं आहे. सिंचनासाठी बांधलेल्या या धरणांच्या फुगवट्याला पाणकणीस माजतं, आणि उरल्यासुरल्या फिनच्या सुगरणींना तेवढा आधार मिळतो.

शेंड्यावरचं घर

जलाशयाच्या काठानं आम्ही चालत होतो. सोबत पक्षी दाखवणारा स्थानिक तरुण आणि एक मासेमार. पावसाआधीचा उकाडा होता. तरुणानं दूर एकट्या सावरीकडे बोट केलं. झाडाच्या अगदी शेंड्यावर गवताचे गोल बोचके दिसत होते. मी लटकणारे खोपे शोधत होते. इथे काहीच लटकत नव्हतं.

फिनच्या सुगरणीचा खोपा आपल्या सुगरणीच्या खोप्याहून अगदी निराळा. तो गोलसर असतो आणि झाडाच्या माथ्यावरच्या डहाळ्या आत घेऊन त्यांच्याभोवती विणलेला असतो. लांब नळी नाही, बाजूनंच दार. मे-जूनमधल्या आँधीत लटकता खोपा घड्याळाच्या लंबकासारखा हेलकावला असता, हा डहाळीला घट्ट मिठी मारून बसतो. आपली सुगरण फक्त तळाशी गादी करते, ही आतून सगळीकडून अस्तर लावते. आणखी एक विलक्षण सवय : नर खोप्याच्या आसपासची पानं तोडून टाकतात. त्यामुळे हिरव्या झाडाचा शेंडा बोडका होतो आणि वसाहत लांबून नजरेत भरते. पक्षी झाडांवर विणतात तसेच पाणकणसांच्या बेटांतही विणतात.

दुर्बिणीत नर आला तेव्हा त्याची ओळख पटवायला वेळ लागला नाही. डोकं, गळा, पोट सगळं झळझळीत पिवळं, कानाजवळ गडद डाग, चोच जाड. मादीही विणीच्या काळात फिकट पिवळी होते; आपल्या सुगरणीची मादी बाराही महिने मातकट राहते. आवाज जास्त कर्कश. शेजारच्या शेताच्या बांधावर आपली सुगरणही दाणे टिपत होती. एका नजरेत दोघी दिसल्या. एक शेतावर सुखानं जगणारी, दुसरी शेतानं वेढलेली. नेमकी झाडं मी इथे सांगत नाही. या पक्ष्यांच्या मागे पारधी आणि हौशी कॅमेरे दोन्ही असतात.

मासेमाराला दोन्ही पाखरं ठाऊक होती. बया, म्हणजे आपली सुगरण, सगळीकडे आहे, पण ही पिवळी पूर्वी थव्यांनी यायची, आता मोजकी दिसते, असं तो सांगत होता. काठावरच्या सावरी तोडल्या गेल्याचं त्यानं दाखवलं. सावरीचं लाकूड हलकं, प्लायवूडला आणि आगपेट्यांना लागतं. शिसूची झाडं उत्तर भारतात मर रोगानं मोठ्या प्रमाणात वाळली आहेत. पाणकणीस कधी जाळलं जातं, कधी कापलं जातं, आणि जलाशयाची पातळी अवेळी वाढली तर त्यातले खोपे बुडतात.

कावळ्याचं गणित

या पक्ष्याचं दुखणं फक्त गवत संपण्यानं आलेलं नाही. बीएनएचएसचे डॉ. रजत भार्गव यांनी वर्षानुवर्षं या वसाहतींवर नजर ठेवली आहे. तिथे सगळ्यात मोठं नुकसान करणारा पक्षी म्हणून गावकावळा पुढे आला. कावळा शेंड्यावर बसतो, खोपा वरून फाडतो आणि अंडी-पिलं उचलून नेतो. संबंध वसाहतीची वीण यात बुडू शकते.

कावळा काही बाहेरून आलेला नाही. पण त्याची संख्या माणसाच्या मागे वाढते. कचऱ्याचे ढीग, कोंबडीपालनाची घाण, मटणाच्या दुकानांचा टाकाऊ माल, उघड्यावर पडलेली मेलेली जनावरं यांवर तो पोसतो. तराईत वस्त्या आणि कारखाने वाढले, तसे कावळे वाढले. विजेच्या तारा त्याला टेहळणीला बसायची जागा देतात.

इथे घराची रचनाच अंगाशी येते. आपल्या सुगरणीचा खोपा बारीक फांदीच्या टोकाला लोंबतो. कावळ्याला तिथे पाय रोवता येत नाहीत. फिनच्या सुगरणीचा खोपा पक्क्या डहाळीवर, मोकळ्या शेंड्यावर असतो. अवतीभवती दाट वसाहत असेल तर डझनावारी पक्षी एकदम तुटून पडतात आणि कावळ्याला पिटाळतात. वसाहत पाच-सात खोप्यांवर आली की हा बंदोबस्त कोसळतो. थोडे पक्षी, म्हणून जास्त लूट. जास्त लूट, म्हणून आणखी थोडे पक्षी. एकदा हे चक्र सुरू झालं की गवत परत आणूनही लगेच थांबत नाही.

भर म्हणून पक्ष्यांचा बाजार. भारतीय रानपाखरांच्या व्यापारावर 1990-91 पासून पूर्ण बंदी आहे. तरीही जाळी लागतात आणि मुनियांच्या, सुगरणींच्या थव्यांत फिनची सुगरणही सापडते. लाखो पक्ष्यांतून काही गेले तर जात तग धरते. शेकड्यांतून गेले तर प्रत्येक पक्षी मोलाचा ठरतो.

यादीतली जागा

जगातल्या जीवजातींची स्थिती ठरवणारी आययूसीएनची लाल यादी आहे. तिच्यात आपली सुगरण ‘किमान चिंता’ या गटात येते. फिनची सुगरण बराच काळ ‘असुरक्षित’ होती. 2021 मध्ये तिला ‘संकटग्रस्त’ गटात टाकलं गेलं. भारतात हे पक्षी पाचशेहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज बीएनएचएसच्या सर्वेक्षणातून पुढे आला.

ही जागा कशी ठरते, ते समजून घ्यायला हवं. एखाद्या जातीचे किती पक्षी आहेत, एवढाच प्रश्न तिथे नसतो. संख्या किती वेगानं घटते, प्रदेश किती आक्रसला, उरलेले पक्षी एका ठिकाणी आहेत की विखुरलेल्या तुकड्यांत, हे सगळं पाहतात. प्रौढ पक्षी अडीच हजारांहून कमी, घट चालू आणि वस्त्या लहान-लहान तुकड्यांत, असं दिसलं तर जात संकटग्रस्त मानली जाते. फिनच्या सुगरणीला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. उत्तराखंड आणि पश्चिम उत्तर प्रदेशात काही तुकडे, नेपाळच्या शुक्लाफांटात एक, आणि शेकडो किलोमीटरवर काझीरंगा, मानस या आसामातल्या गवताळ राष्ट्रीय उद्यानांत काही. मधली साखळी तुटलेली आहे.

काझीरंगात किंवा मानसमध्ये गवत का टिकलं, याचं उत्तर सोपं आहे : तिथे गेंडा आणि वाघ आहेत, म्हणून गवत राखलं गेलं आणि त्या आडोशाला छोटं पाखरूही राहिलं. कुमाऊँच्या तराईतल्या जलाशयांकाठी असा मोठा राखणदार नाही. तिथे पाखरालाच स्वतःच्या नावानं संरक्षण मिळायला हवं.

त्या दिशेनं काम सुरू झालं आहे. बीएनएचएस आणि उत्तर प्रदेश वनविभाग यांनी फिनच्या सुगरणीचं बंदिस्त प्रजनन हाती घेतलं आहे. कावळा शिरू न शकणाऱ्या जाळीत पक्षी वाढवायचे आणि पुढे रानात सोडायचे, अशी ही दिशा. वसाहतीनं राहणाऱ्या पक्ष्याला सोबत हवी, विणायला ताजं उंच गवत हवं, पिलांना जिवंत किडे हवेत, म्हणून हे काम कष्टाचं आहे. आणि वाढवलेली पाखरं सोडायला शेवटी बाहेर गवताळ जमीन हवीच. ती नसेल तर पिंजरा हेच त्यांचं घर होऊन बसेल.

‘किमान चिंता’ म्हणजे निश्चिंती नव्हे

आपली सुगरण सुखरूप आहे, असं म्हणून हा लेख संपवता आला असता. पण पिवळ्या छातीच्या भारीटाची गोष्ट मला तसं करू देत नाही. युरोप-आशियाच्या उत्तरेत वीण करणारा आणि हिवाळ्यात आपल्या ईशान्य भारतापर्यंत येणारा हा पक्षी एके काळी अमाप होता. 2004 पर्यंत तो लाल यादीत निर्धोक गणला जायचा. स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः चीनमध्ये, खाण्यासाठी तो बेसुमार पकडला गेला आणि 2017 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवावं लागलं. अवघ्या तेरा वर्षांत ही घसरगुंडी झाली.

सुगरणीवर आज तशी आपत्ती नाही. ती लवचीक आहे. शेत तिला चालतं, उसाच्या पानाचाही ती खोपा करते, बाभूळ नसेल तर विजेच्या तारेलाही तो टांगते. पण गावोगावी फिरताना तिच्या घराच्या अटी एकेक करून निसटताना दिसतात. खरिपाची ज्वारी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून गेली आणि तिच्या जागी सोयाबीन, कापूस आला. कणसांवर पाखरं बसायची, तेव्हा माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत राखण करावी लागायची. पुरंदरच्या आजी लहानपणी हेच करत. आता राखण्यासारखी कणसंच थोडी राहिली. शिंदीची बनं तुटली. विहिरींवर मोटारी आल्या आणि काठाची झाडं अडचणीची वाटू लागली, किंवा कूपनलिका आल्यावर विहिरीच बुजवल्या गेल्या. बांध अरुंद होत गेले, त्यावरचं गवत तणनाशकानं जळालं. कीटकनाशकांमुळे पिलांना भरवायच्या अळ्या आणि नाकतोडे कमी झाले. यांतलं एकही कारण एकट्यानं पाखरू संपवत नाही. तराईतही एकाच कारणानं काही झालं नव्हतं.

माळरान आपल्याकडेही कागदावर पडीकच असतं. त्यावर झाडं लावायची, तलाव खणायचे, सौर पट्ट्या बसवायच्या, भूखंड पाडायचे, असं काहीही सुचतं. ते गवत म्हणून राखावं, हे क्वचितच सुचतं. माळढोकाच्या बाबतीत महाराष्ट्रानं ही किंमत मोजली आहे. तराईनं फिनच्या सुगरणीच्या रूपानं मोजली. दोन सुगरणींमधला फरक कौशल्याचा नाही. दोघी सारख्याच कसबी विणकर आहेत. एकीच्या गरजा आपल्या शेतीत बसल्या, दुसरीच्या बसल्या नाहीत. पहिलीच्या गरजाही कायम बसत राहतील, याची हमी कुणी दिलेली नाही.

वाचकांना चार गोष्टी

तराईतल्या गवतासाठी आपण मुंबई-पुण्यात बसून थेट काही करू शकत नाही, असं वाटेल. पण बीएनएचएस मुंबईची संस्था आहे. तिच्या गवताळ प्रदेशांच्या कामाला सभासद होऊन, देणगी देऊन बळ देता येतं. नैनिताल-कॉर्बेटला जाणाऱ्या पक्षीप्रेमींनी विणीच्या झाडाजवळ गर्दी करू नये, जागा समाजमाध्यमांवर टाकू नये आणि तलावाकाठी खरकटं सोडून कावळे बोलावू नयेत.

घराजवळ करण्यासारखं त्याहून जास्त आहे. ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांनी पाण्यावर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी ठेवावी. बांधाचा हातभर पट्टा तणनाशकाशिवाय राहू द्यावा. ग्रामपंचायतींनी गायरानाचं गवत ही संपत्ती मानावी. शाळांनी मुलांना ऑगस्टमध्ये एखादी वसाहत दुरून दाखवावी आणि किती खोपे पुरे झाले, किती अर्धवट राहिले याची दरवर्षी नोंद ठेवावी. आंबेडकरांनी आणि सलीम अलींनी हेच केलं होतं, वही आणि दुर्बीण घेऊन.

आणि शेवटची विनंती दिवाळीच्या तोंडावर. या दिवसांत सुगरणीचे रिकामे खोपे शोभेसाठी तोडून आणले जातात, रस्त्याच्या कडेला विकलेही जातात. विणीचा हंगाम सरल्यावर ते निरुपयोगी झाले, असं आपण समजतो. तसं नसतं. पांढऱ्या गळ्याची मुनिया त्या सोडलेल्या खोप्यांत रात्री निवारा घेते, स्वतःची पिलंही वाढवते. झाडावरच्या लहान उंदरांनाही ते घर होतं. शिवाय मागणी असली की रिकामे आणि भरलेले यांतला फरक तोडणारा पाहत नाही. तेव्हा खोपा विकत घेऊ नका, भेट म्हणून स्वीकारू नका, दिवाणखान्यात टांगू नका. तो जिथे विणला आहे, तिथेच राहू द्या.